घराचा बाहेरून दिसणारा नंबर

“काकी, दाराला कुलूप हाय,” असं म्हणत दस्तगीर रिक्षातून डबे परत उतरवायला लागला, तेव्हा माझ्या तोंडून जो शब्द गेला तो इथे लिहिण्यासारखा नाही. होळीचा दिवस होता. डब्यांत साठ पुरणपोळ्या होत्या, बादलीभर कटाची आमटी होती आणि वर तळलेल्या कुरडयांची पिशवी.

“नीट बघितलंस का रे? पाण्याच्या टाकीमागचा बंगला. इनामके.”

“पाटी इनामक्यांचीच हाय. पर अंगणात पाचोळा साचलाय ढीगभर. शेजारची म्हातारी म्हनली, दिवाळीपास्नं ते लेकाकडं गेल्यात, बंगळूरला.”

“आणि फोन?”

“लागतच न्हाई.”

महिन्याभरात ही तिसरी वेळ. आधी सुतार गल्लीत पोळ्या गेल्या आणि कुलूप बघून परत आल्या. मग बसस्टँडमागच्या एका घरी जेवणाचे डबे गेले, तिथेही कुलूप. दोनदा ठेच लागल्यावर शहाणी बाई तिसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही. मी गेले, कारण ऑर्डरीखाली चार शब्द जास्तीचे लिहिले होते. ‘आई अंथरुणाला खिळली आहे. यंदा घरात पोळी होणार नाही. तुमच्या हातची मिळाली तर सण झाल्यासारखं वाटेल.’ ते वाचून मी विरघळले. आगाऊ पैसेही मागितले नाहीत. आजारी म्हातारीच्या सणाच्या घासाला आधी पैसे मागायचे, ही आमच्याकडची रीत नाही. ज्याने कुणी ते लिहिलं होतं त्याला ही रीत पक्की ठाऊक होती.

माझे यजमान सुधाकर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. फलटणचं आमचं घर दोघा भावांचं, मध्ये भिंत घालून दोन भाग केलेलं. उजवीकडे थोरले दीर रघुनाथ मुळीक आणि त्यांची बायको, जिला सगळे अक्का म्हणतात. डावीकडे मी एकटी. लेक पल्लवी पुण्याला शिकत होती. पुढच्या खोलीत मी पोळी-भाजीचं केंद्र काढलं होतं आणि पल्लवीने त्याची वेबसाइट करून दिली होती. लोक फोनवरून ऑर्डर टाकायचे, मला मेल यायचा, मी कणीक भिजवायला घ्यायची.

घराचा माझा भाग मात्र अजून माझ्या नावावर लागलेला नव्हता; त्याला भावजींची सही लागणार होती. भावजी अधूनमधून मायेने म्हणायचे, “हेमा, झेपत नसेल तर सांग. तुझा भाग मी घेतो. तू पोरीजवळ राहा, सुखानं दोन घास खा.” मीही मानी. येत्या दिवाळीपर्यंत धंदा उभा राहिला नाही तर मी आपणहून जाईन, असं त्यांना सांगून बसले होते. एकदा बोलले ते बोलले. त्यामुळे बुडणारी प्रत्येक ऑर्डर मला घराबाहेर काढत होती.

होळीच्या पोळ्या शेवटी गल्लीत वाटल्या. भावजी भिंतीवरून डोकावले.

“परत तसंच झालं का गं? कोण असेल मेला!” ते हळहळले. मी दिलेल्या पोळ्या तिथेच उभ्याउभ्या खाल्ल्या, वर म्हणाले, “तुझ्या हाताला चव आहे. पण नुसत्या चवीवर दुकान चालत नाही बघ.”

अक्का बाहेर आल्या नाहीत. अंगणातली भिंत त्यांच्याच हट्टाने उभी राहिली होती. माझ्या दारात डबे न्यायला माणसं यायची त्याचा त्यांना त्रास, तळणाच्या वासाचा त्रास, दस्तगीरच्या रिक्षाचा त्रास. दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. वायफाय मात्र भावजींनी दोघांत एकच ठेवलं होतं. “वायफायला कसली आलीय भिंत?” असं ते म्हणाले होते, आणि मला ते बोलणं किती आवडलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीला फोन लावला. रडले नाही. मला रडू येत नव्हतं, मला दाबायला कुणाचा तरी गळा हवा होता.

“आई, ऑर्डरीचा मेल उघड,” ती म्हणाली. “अगदी खाली जा. तिथे आयपी म्हणून एक नंबर असेल, मध्ये मध्ये टिंबं दिलेला.”

“आहे. शेवटी सत्तेचाळीस.”

“तिन्ही मेलमध्ये बघ.”

तिन्हींमध्ये तोच. शेवटी सत्तेचाळीस.

“म्हणजे ऑर्डर टाकणारा एकच आहे,” पल्लवी म्हणाली. “नाव, पत्ता, फोन खोटा देता येतो. हा नंबर त्याने दिलेला नसतो, तो आपोआप येतो. एका घरात दहा फोन असले तरी बाहेरच्या जगाला ते सगळे एकाच नंबराने दिसतात. घराबाहेरची पाटी समज. आत कोण आहे ते कळत नाही, घर कोणतं ते कळतं.”

“मग सांग, कोणतं घर?”

“ते असं नाही कळत गं. पोलिसांनी विचारलं तर इंटरनेटवाले सांगतील. किंवा मग त्या घरात जाऊन, त्यांचं वायफाय आपल्या फोनला जोडून, ‘माझा आयपी काय’ असं शोधायचं. समोर जो नंबर येईल तो त्या घराचा.”

“एवढंच?”

“आई, तू भलतंसलतं काही करू नकोस.”

“मी कशाला करते?” मी म्हटलं आणि पदर खोचला.

माझा संशय सरळ होता. बाजारपेठेत रोहिणी गुंजवटेचं केंद्र होतं. ती माझ्याआधीपासून धंद्यात, आणि मी आल्यापासून तिची सणाची गिऱ्हाइकं माझ्याकडे वळलेली. राहायला ती दुकानाच्या वरच. दुपारी तिच्याकडे गेले. पूर्वी आल्यागेल्याला गूळपाणी द्यायचे, आता वायफायचा पासवर्ड देतात. मागितला तर नाही म्हणणारं घर अजून मला भेटलेलं नाही.

“लाइटबिल भरायचं होतं, रेंजच येईना,” मी म्हटलं.

“जोड की आमचं. अन्नदा लिही, म्होरं एक ते पाच आकडे.” रोहिणीने पासवर्ड सांगितला आणि चहाचं आधण ठेवलं. मी शोधलं. नंबर आला. शेवटी एकशे बारा. परत शोधलं. परत एकशे बारा.

माझं तोंड उतरलेलं तिने ओट्यापाशी उभं राहून पाहिलं. “बिल भरायला न्हाई आलीस तू,” ती म्हणाली. “तुझ्या खोट्या ऑर्डरींचं गावात कळलंय सगळ्यांना. माझ्यावर संशय घेऊन आलीस व्हय?”

खोटं बोलायला हरकत नव्हती, पण तिच्या नजरेपुढे सुचलं नाही.

“हेमा, मला तुला बुडवायचं असतं ना, तर पोळ्यांनी बुडवलं असतं. दाराला कुलूप लावून न्हाई.” तिने चहा ठेवला. “पी आणि जा. पण पिऊन जा.”

चहा प्यायले. इतका अपमानाचा आणि इतका चांगला चहा परत कधी मिळाला नाही.

घरी परत येताना डोक्यात नावांची रांग लागली होती. कोण? किराणावाला? हिशेबावरून भांडून गेलेली ती मेसची पोरं? फाटक उघडून अंगणात आले, फोन नेहमीसारखा आपला आपण घरच्या वायफायला जोडला गेला. नंबराचं ते पान अजून उघडंच होतं. का कोण जाणे, मी बोटाने ते परत ओढलं.

शेवटी सत्तेचाळीस.

मी भिंतीजवळच्या कट्ट्यावर बसले. मग पल्लवीला विचारलं, हा नंबर चुकूनही येऊ शकतो का. ती म्हणाली, “एरवी घरांचे नंबर बदलत असतात. आपला नाही बदलत. मोठ्या काकांनी त्यांच्या कॅमेऱ्यांसाठी केबलवाल्याकडून कायमचा नंबर घेतलाय. बाहेरगावाहून दार बघता यावं म्हणून. आई, ही ऑर्डर आपल्याच घरातून गेलीय.”

“आपल्या नव्हे,” मी म्हटलं. “त्यांच्या.”

भिंतीपलीकडे अक्का वाळवणाचं कापड झटकत होत्या. त्या झटकण्याचा आवाज ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझा नवरा गेल्यावर ज्या बाईने सहा महिन्यांत मध्ये भिंत घातली, ती आता मला उपाशी मारून बाहेर काढणार होती. तेही म्हाताऱ्या आजारी आईच्या नावाने रडून! पोलिसांत जा, असं पल्लवी म्हणत राहिली. पोलिसांत मी जाणार नव्हते. पोलिसांनी काय केलं असतं? समज दिली असती. मला अक्कांना समज द्यायची नव्हती. मला त्यांना चारचौघांत, सगळ्या मुळीक भावकीसमोर, तोंड लपवायला जागा नाही असं करायचं होतं.

मी वाट पाहिली. चैत्र गेला. मी रोज हसून अंगणात रांगोळी काढत होते. भावजी विचारायचे, “काय हेमा, बरं चाललंय का?” मी म्हणायची, “चाललंय कसंबसं.” मग वैशाखात एके दिवशी, अक्का भिंतीपलीकडे आणि भावजी झोपाळ्यावर असताना, मी फोनवर पल्लवीशी मोठ्याने बोलले. फोन खरं तर लावलेलाच नव्हता. “आता अजून एक मोठी ऑर्डर बुडाली ना, की मी दिवाळीची वाट बघत नाही. सामान बांधते आणि तुझ्याकडे येते.”

दोन दिवसांत ऑर्डर आली. रविवारी दुपारी चाळीस पानं, पुरणपोळीचं साग्रसंगीत जेवण. पत्ता कर्णे मास्तरांचा, घरात वास्तुशांत आहे म्हणून. मेलच्या तळाशी शेवटी सत्तेचाळीस. कर्णे मास्तर गेल्याला वर्ष झालं होतं आणि त्यांच्या घराला कुलूप होतं, एवढं आता मी स्वतः जाऊन पाहून आले.

माझ्या डोक्यात जे शिजत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. त्याच आठवड्यात भावजींना साठ वर्षं पूर्ण झाली होती. “साठीबिठी काही करायची नाही, उगाच खर्च,” असं म्हणून त्यांनी घरात साधा शिराही होऊ दिला नव्हता. मी फोन हातात घेतला. सगळ्यात आधी चुलत सासरे वसंतनाना. भावकीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

“नाना, रविवारी दुपारी भावजींच्या साठीचं जेवण आहे. त्यांनी स्वतः माझ्याकडे चाळीस पानं सांगितलीत. पण अक्कांना कळू द्यायचं नाही हं, गंमत आहे.”

“रघूनं? स्वतः?” नाना खो खो हसले. “साठीला बुद्धी आली म्हणायची. येतो आम्ही सगळे.”

असे फोन मी दोन दिवस करत होते. आत्याबाई, तरडगावचे चुलतभाऊ, अक्कांच्या दोन्ही बहिणी. माझा बेत असा होता. जी बाई रिकाम्या घराला जेवण घालायला निघाली होती, तिच्या दारात मी माणसं आणून उभी करणार होते. मग पंगत अर्ध्यावर आली की मधोमध उभं राहून मी सांगणार होते की ही ऑर्डर कुणी टाकली आणि कशाला. अक्कांच्या बहिणींसमोर. पुरण वाटताना मी ते बोलणं मनात इतक्यांदा म्हटलं की पाठ झालं.

रविवारी बारा वाजता भावजींच्या फाटकातून माणसं आत यायला लागली. शाली, नारळ, नव्या साड्या. अक्का दारात आल्या त्या हातात केरसुणी घेऊनच.

“अगं बाई, हे काय? तुम्ही सगळे कसे?”

“जेवायला!” नाना म्हणाले. “रघू, पाया पडू दे पोरांना. लाजतोस काय?”

भावजी उघड्या अंगाने झोपाळ्यावर बसले होते. ते उठले, परत बसले. “अहो नाना, पण मी कुठं… मी काही…”

“लाजतोय बघा नवरदेव!” आत्याबाईंनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, बिचारे, गोंधळले. त्यांच्याकडे बघून मला थोडं वाईटही वाटलं, की बायकोच्या पापापायी यांचा सण नासतो आहे.

अक्का माझ्याकडे वळल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचे शब्द माझ्यासाठी होते. “हेमा, हे कुणी सांगितलं?”

“ऑर्डर तुमच्याच घरातून आली, अक्का,” मी गोड हसून म्हटलं आणि पानं मांडायला घेतली.

पंगत बसली. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघी वाढत होत्या. भावजी मधल्या पाटावर, टिळा लावलेले, समोर समई. मी कढवलेलं तूप आणायला माझ्या स्वयंपाकघरात आले. ते घेऊन बाहेर जायचं आणि बोलायचं, असं ठरलेलं होतं. तेवढ्यात मागून अक्का आत आल्या आणि दार लोटून घेतलं.

“काय मांडलंयस हे? माझ्या घरातून ऑर्डर म्हणजे काय?”

“बाहेर सांगणारच आहे. सगळ्यांसमोर.”

“आधी मला सांग.”

मी फोन पुढे केला. सगळे मेल दाखवले, खालचा नंबर दाखवला. मग तिथल्या तिथे आमच्या वायफायचा नंबर काढून दाखवला. “ही घराची पाटी आहे अक्का. बाहेरून दिसणारी. खोट्या ऑर्डरी ह्याच पाटीमागून गेल्या. मी टाकल्या नाहीत. मग राहिलं कोण? होळीला म्हातारी आई खिळली म्हणून लिहिताना लाज नाही वाटली?”

अक्कांनी फोन हातात घेतला. मला वाटलं आता कांगावा करतील. पण त्या चष्मा कपाळावरून खाली घेऊन एकेक पत्ता वाचू लागल्या, ओठ हलवत. सुतार गल्ली, मांढरे. बसस्टँडमागं, गोळे. पाण्याची टाकी, इनामके. कर्णे मास्तर.

“ही सगळी कुलूपबंद घरं आहेत,” त्या म्हणाल्या.

“तेच तर.”

“अगं, मला कशी ठाऊक असणार? मी मारुतीच्या देवळापलीकडं कुठं जाते का?” त्यांचा आवाज खाली गेला. “घरोघरी विजेची मीटरं वाचायची नोकरी होती यांची. तीस वर्षं जेवताना मी हेच ऐकलंय. आज मांढऱ्यांच्या दाराला कुलूप होतं, गोळ्यांचं मीटर आतल्या खोलीत आहे, रीडिंग मिळालं नाही. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. सकाळी फिरून आले की सांगतात, इनामके अजून आले नाहीत. कर्ण्यांचं दार अजून बंदच.”

बाहेर कुणीतरी श्लोक म्हणत होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या होतो. होळीच्या दिवशी भिंतीवरून डोकावलेला तो चेहरा, ती हळहळ, त्या पोळ्या. माझ्याच ताटातल्या पोळ्या खाऊन त्यांनी मला सांगितलं होतं की नुसत्या चवीवर दुकान चालत नाही. मी त्या माणसाला देवमाणूस म्हणत होते. सुधाकरच्या फोटोसमोर म्हणत होते.

“तुझा भाग त्यांना पाहिजे,” अक्का म्हणाल्या. “पलीकडं चार खोल्या काढून भाड्यानं द्यायच्या म्हणून कधीचे कागदावर रेघोट्या मारतात. मला वाटलं, तूच जायचं म्हणतेयस.”

“मी?”

“मला तसंच सांगितलं त्यांनी.” त्या पाटावर बसल्या. “आणि ही भिंत. गाव मला नावं ठेवतं, तूही ठेवतेस. ठेव. पण भिंत घाला म्हणून माझ्यामागं टुमणं कुणी लावलं होतं ठाऊक आहे? ‘तू म्हण. मी म्हटलं तर भावाच्या माघारी बरं दिसायचं नाही.’ मी म्हटलं. मी मूर्ख.”

मी तुपाचं भांडं उचललं. “मी चालले बाहेर. आता तर सांगतेच.”

अक्कांनी माझा हात धरला. मऊ हात नव्हता तो. “सांगू नकोस.”

“तुमचा नवरा म्हणून?”

“माझा नवरा म्हणून. तू ओरडशील, लोक चार दिवस थुंकतील, मग म्हणतील, जाऊ द्या, म्हातारा माणूस. सुटले ते. मला त्यांना सुटू द्यायचं नाही.” त्या उठल्या, पोळ्यांची पाटी काखेला घेतली. “तू तूप घे. माझ्यामागं ये.”

आम्ही दोघी एका दारातून बाहेर आलो. दोन वर्षांत एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या दोन जावा, एकीच्या काखेला पोळ्या, दुसरीच्या हातात तूप. भावकीत कुजबूज झाली. भावजींनी मान वर केली आणि आम्हाला बघितलं. त्यांचा हात पानावर तसाच राहिला. त्या क्षणी त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं. त्याचं मला जे सुख झालं ते आजही सांगते, लाजत नाही.

“घ्या,” अक्का म्हणाल्या आणि पोळी वाढली. मी वर तूप सोडलं.

“अगं, नको. पुरे झालं.”

“असं कसं? तुम्हीच सांगितलेलं जेवण. घ्या की.”

त्यांनी ती खाल्ली. अक्का तिथून हलल्या नाहीत. दुसरी वाढली. मी तूप सोडलं.

“बास, खरंच बास.” त्यांनी पानावर हात आडवा धरला. अक्कांनी तो हात अलगद बाजूला केला आणि पोळी ठेवली.

“नाना, बघा की,” मी म्हटलं. “आम्ही दोघी एवढ्या आग्रहानं वाढतोय आणि भावजी मोजून खातायत.”

“रघू!” नाना पलीकडून गरजले. “साठीच्या पानात उष्टं टाकणार काय? आमच्या घराण्यात कुणी टाकलं नाही. दोन जावा एकत्र वाढायला आल्यात, तुझं भाग्य समज.”

पंगत हसली. कुणीतरी मिश्या पुसत म्हणालं, अजून दोन वाढा. आत्याबाईंनी त्यांच्यावर उखाणाच रचला. भावजी खात होते. कपाळावरचा टिळा घामाने ओघळला होता. घास तोंडात फिरत होता आणि खाली जात नव्हता. ते एकदा माझ्याकडे बघायचे, एकदा अक्कांकडे. आम्ही दोघी हसतमुखाने उभ्या होतो. अक्का तर इतक्या मायेने वाढत होत्या की त्यांच्या बहिणीने डोळ्याला पदर लावला.

“पण एक बोलतो,” नाना म्हणाले. “सुधाकर गेल्यावर रघूनं हेमाला टाकलं नाही. तिच्या धंद्याला स्वतः ऑर्डर दिली. असा थोरला भाऊ असावा.”

तेवढ्यात मला सुचलं. आधी ठरवलेलं एक अक्षरही नव्हतं त्यात.

“नाना, एवढंच नाही,” मी म्हटलं. “माझा भाग भावजी माझ्या नावावर लावून देणार आहेत. याच महिन्यात. साठीच्या निमित्तानं म्हणाले. होय ना, भावजी?”

त्यांच्या तोंडात पोळीचा मोठा घास होता. बोलता येत नव्हतं. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. अक्कांनी पाटीतून आणखी एक पोळी उचलली आणि त्यांच्या पानावर धरून ठेवली. वाढली नाही, नुसती धरली.

भावजींनी मान हलवली. होय म्हणून.

“शाबास!” नानांनी टाळी वाजवली. “मी स्वतः येतो सह्यांच्या दिवशी.”

आणि आले. चाळीस माणसांसमोर दिलेला शब्द फिरवायची हिंमत भावजींना झाली नाही. माझा भाग माझ्या नावावर झाला, धंदाही उभा राहिला, आणि त्या दिवशी जेवून गेलेल्यांनीच पुढची दोन लग्नं माझ्याकडे दिली. खोटी ऑर्डर परत आली नाही. भावजींनी त्याबद्दल मला किंवा अक्कांना कधी एक शब्द विचारला नाही, आम्हीही काढला नाही. झोपाळ्यावर बसून मला हाक मारणं तेवढं त्यांनी सोडून दिलं.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. पल्लवीला मी सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आई, मिळायचं ते मिळालं ना, आता दोघी सोडून द्या. ती अजून लहान आहे.

दर सणाला अक्का ताट घेऊन माझ्या दारात येतात. “ह्यांच्यासाठी दे,” म्हणतात. मी पुरणपोळ्या वाढते, वर तुपाची धार सोडते, स्वतः उचलून ताट त्यांच्या हातात देते. पलीकडे त्या ते भावजींसमोर ठेवतात आणि खाऊन होईपर्यंत पाट घेऊन समोर बसतात. भावजी पोळी संपवतात. पूर्वी त्यांना ती फार आवडायची.

गेल्या होळीला मी विचारलं, “अक्का, अजून किती वर्षं?”

“एकदा तोंडानं म्हणू दे, की मी केलं,” अक्का म्हणाल्या. “एवढंच म्हणायचंय त्यांना. मग बंद.”

अजून म्हणालेले नाहीत. परवा अक्षय्य तृतीया आहे. डाळ निवडून ठेवली आहे.